रांगत्या उंचीवरून

नर्स गुडघ्यांवर बसली आणि रांगत स्वयंपाकघरात शिरली.

शेजारच्या घरी सगळे हसले होते. "सिस्टर, काही हरवलं का?" म्हणत तिथले आजोबा काठीने पलंगाखाली शोधायलाही लागले होते. तिला आता सवय झाली होती. नोकरी सांभाळून ती सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. शेवटचा प्रकल्प ज्याचा त्याने ठरवायचा, ज्याचा त्याने करायचा आणि त्यातून आपल्याला काय उमगलं ते प्रामाणिकपणे लिहायचं. रांगणाऱ्या मुलाला घर कसं दिसतं ते त्याच्याच उंचीवरून पाहायचं, असं तिने ठरवलं होतं. नियम एकच: आधी बघायचं, मग विचारायचं. आधी विचारलं की आया हळूच सुरी उचलून ठेवतात.

इथे उचलून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. टेबलाच्या कोपऱ्यांना जुनी फडकी घट्ट बांधलेली. खालच्या प्लगवर चिकटपट्टी. खालचे खण रिकामे. सुऱ्या, काडेपेटी, औषधं, सगळं खांद्याच्या वर. बादलीसुद्धा पालथी घातलेली. ओट्याखाली पडदा होता. तो तिने बाजूला केला, तर आत नुसती पुसलेली फरशी.

"असं घर मी अजून पाहिलं नव्हतं," नर्स खालूनच म्हणाली. "ताई, तुमच्या घराचे फोटो वर्गात दाखवते मी. पण छोटे साहेब कुठायत आमचे? झोपलेत?"

तिथून तिला पावलंच दिसत होती. ओट्याशी सुनेची, खुर्चीखाली सासूबाईंची. ती हलली नाहीत.

"तो गेला," सासूबाई म्हणाल्या. "गेल्या उन्हाळ्यात. हे कोपरेबिपरे नंतर बांधलेत हिने."

नर्सच्या कानशिलांपर्यंत ऊन ऊन झालं. ती उठायला लागली. "माझं चुकलं. मी दारातच विचारायला हवं होतं."

"उठू नका, सिस्टर," सून म्हणाली. "आलाच आहात, तर माझं एक काम करा."

तिने वरच्या फळीवरून एक निळी बाटली काढली. "त्याच्या पोटात गेलं ते मोरी साफ करायचं औषध अशाच बाटलीत होतं. ती बाटली पोलिसांनी नेली. ही तसलीच आहे, आत पाणी आहे नुसतं." तिने वाकून ती ओट्याखाली ठेवली, मागच्या भिंतीशी, हवेच्या जाळीखाली, आणि पडदा ओढला. मग पडद्याची एक चुणी हाताने नीट केली. "अश्शी होती. आता उभ्या राहा आणि सांगा. उभ्या माणसाला दिसते का?"

"कशाला उगाळतेस गं रोज रोज?" सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर इथेच उभी असायचीस. एवढी बाटली दिसली नाही तुला. मी एकटी नाही म्हणत, सगळी गल्ली म्हणते."

"म्हणूनच यांना विचारतेय, आई. या आपल्यातल्या नाहीत. आणि यांचा अभ्यासच आहे हा."

सासूबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "विचार बाई. तेवढंच राहिलंय."

नर्स उठली. दारातून पाहिलं. ओट्याशी उभं राहून पाहिलं. मोरीच्या बाजूने थोडं वाकून पाहिलं. काय उत्तर यावं असं आपल्याला वाटतंय हे तिला कळत होतं, म्हणून तिने पुन्हा एकदा दारापासून सुरुवात केली. पडदा जाड होता आणि फरशीच्या वर वीतभरच राहत होता.

"नाही दिसत," ती म्हणाली. "उभ्याने कुठूनच दिसत नाही."

"नक्की?"

"नक्की. मी असते तर मलाही दिसली नसती."

खुर्चीच्या हातावरून सासूबाईंचा हात खाली घसरला आणि मांडीवर येऊन पडला. सुनेने डोळे मिटले. इतके दिवस कुणीतरी धरून ठेवलेले खांदे सोडून द्यावेत, तसे तिचे खांदे खाली आले. नर्सने पिशवी उचलली. आता निघावं, असं तिला वाटलं.

"आणि खालून?" सून म्हणाली.

"ताई, ते राहू दे."

"तुम्ही लिहाल ना त्याबद्दल? मग मला बघायला का नको?"

सून एव्हाना खाली बसली होती. तिने साडी गुडघ्यांत सावरली, दोन्ही हात फरशीला टेकले आणि मान खाली घातली. नर्सने पिशवी पुन्हा ठेवली आणि तिच्याशेजारी बसली. तिला एकटीला बघू द्यायचं नाही, एवढंच त्या क्षणी तिला सुचलं.

पडद्याच्या खालच्या फटीतून सगळं स्वच्छ दिसत होतं. मागच्या जाळीतून सकाळचं ऊन आत आलं होतं आणि बाटलीतून गाळून फरशीवर पडलं होतं. तळहाताएवढा निळा तुकडा. आतलं पाणी अजून हलत होतं, तसा तोही हलत होता. खोलीत त्या उंचीवर बघावंसं वाटेल असं दुसरं काहीच नव्हतं.

सून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पडद्याखालून हात घातला. तिची बोटं निळी झाली.

"त्या शेवटच्या आठवड्यात रोज इथेच बसायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "असाच आत हात घालून. मी वर पोळ्या लाटत असायचे. वरूनच विचारायचे त्याला, काय सापडलं रे राजा?"