मेन स्विच

मुलांनो, कल्पना करा, सेलूच्या संगणक वर्गात लिनक्सची शेवटची परीक्षा चालू आहे. आपल्या संगणकाचा सर्व्हर करून त्यावर गावाची वेबसाइट चालवून दाखवायची. नापास झालेल्याला पुन्हा सहा महिने वर्गात बसावं लागणार. सगळ्यांचं झालं, तरी वालूरची शिवकन्या टाइप करतच होती.

"साइट तर चालू हाय तुझी. आता काय नटवायलीस तिला?" शेजारचा गोपाळ हसला.

परीक्षक सर उठले. त्यांनी मेन स्विच खाली ओढला आणि पुन्हा वर केला. सगळ्यांनी संगणक परत सुरू केले. वेबसाइट मात्र एकाच संगणकावर आपोआप आली, शिवकन्येच्या.

"हे कसं सुचलं?" सरांनी विचारलं.

"सर, आमच्याकडं लाईट लय जाती. बाबांनी शेतातल्या मोटारीला ऑटो बसवलाय. लाईट आली की मोटार आपली आपण चालू होती. सर्व्हरला तसंच सांगून ठेवलं."

सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, बाकीच्यांना तेच करून दाखवायला अर्धा तास.

शिवकन्येने खुर्ची गोपाळजवळ ओढली. "सरक जरा," म्हणाली. त्याचं झाल्यावर पुढच्याला दाखवलं, मग त्याच्या पुढच्याला. अर्धा तास संपला, तेव्हा सर उठायच्या आत तिनेच जाऊन मेन स्विच खाली ओढला.