भाला उशिरा येतो

“हा अन्याय आहे, बाबा! धडधडीत अन्याय!” तिने कंट्रोलर सोफ्यावर आदळला. वास्तविक जिंकली तीच होती, आणि तीही सलग एकविसाव्यांदा.

पडद्यावर सासऱ्यांचा भालेवाला पुन्हा उताणा पडला होता. तिच्या जुळ्या तलवारींची पोरगी त्याच्या उशाशी उभी राहून ऐटीत केस उडवत होती. तिला त्या पोरीचाही राग आला.

“हरलो मी आणि आदळआपट तुझी,” सासरे हसले. “चहा घे, सूनबाई. निवतोय.”

“चहा गेला खड्ड्यात. तुम्ही वार केलात तेव्हा मी केवढी लांब होते! भाला हातातून निघायलाच तयार नाही. मेल्यांनी भाल्याचा वेग मारलाय.”

“असेल बुवा,” सासरे म्हणाले आणि आपला अर्धा कप दोन्ही हातांत धरून घोट घेत बसले.

नव्या खेळांवर निकाल देणं हा तिचा पेशा. अकरा वर्षं ती मासिकात लिहीत होती, आणि वाचक तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत. कारण तिची एक पद्धत होती. शस्त्रांच्या मारामारीच्या या मालिकेचा नवा भाग आला की ती पाच दिवस एकाच माणसाशी खेळायची. तिच्या हातात जुळ्या तलवारी, सासऱ्यांच्या हातात भाला. एकमेकांच्या शस्त्राला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. समोरचा माणूस तोच, शस्त्र तेच, मग फरक पडला तर तो खेळातच पडला. इतकं साधं गणित होतं.

आणि माणूसही साधासुधा नव्हता. चाळीस वर्षं मनगटी घड्याळांची पोटं उघडून बसलेला. क्षणाचा अंदाज असा, की तिने पाऊल उचललं रे उचललं की भाला छातीवर. आधीच्या पाचव्या भागात तर त्यांनी तिला एकदाही जिंकू दिलं नव्हतं. मध्यंतरी त्यांनी कंटाळा आला म्हणून दुकान बंद केलं. ती त्या वेळी गाड्यांच्या शर्यती आणि कोड्यांच्या खेळांत गळ्यापर्यंत बुडाली होती, त्यामुळे वर्ष-दीड वर्ष दोघांची एकही लढत झाली नाही. सहाव्या भागाची वाट ती म्हणूनच चातकासारखी पाहत होती.

आणि हाती हे आलं! चकचकीत चिलखतं, डोळे दिपवणाऱ्या ठिणग्या, आणि मालिकेतल्या सगळ्यात जुन्या शस्त्राची ही विटंबना. नव्या पोरांना झटपट जिंकता यावं म्हणून जुन्या खेळाडूंच्या तोंडाला पानं पुसली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने एका बैठकीत लेख लिहिला, मथळा दिला ‘भाल्याची हत्या’, आणि दहापैकी दोन गुण देऊन पाठवून दिला.

जेवण होतंय तोच संपादकांचा फोन आला.

“लेख जहाल झालाय. पण मी कंपनीला विचारलं. ते म्हणतात, भाल्याला आम्ही हातही लावलेला नाही.”

“खोटारडे आहेत!”

“बाकी कुणीच हे लिहिलेलं नाही.”

“बाकीच्यांनी तासभर खेळून गोडवे गायलेत. माझ्यासमोर माणूस पाच दिवस हरतोय, सर. माझ्या घरातला माणूस!”

“मग पुरावा दे. जुन्या भागात एक लढत, नव्यात एक लढत, शेजारी शेजारी. सकाळी सहापर्यंत मिळाला तर शब्दही न बदलता छापतो. नाहीतर उद्या तुझं नाव आणि माझं मासिक, दोन्ही तोंडघशी पडतील.”

तिने तावातावाने पाचव्या भागाची डिस्क शोधून काढली. सासरे दारात येऊन उभे राहिले.

“जुनं कशाला उकरतेस? नव्याचंच चित्रण पाठव की.”

“तुलना नको का? जुन्यात तुम्ही मला कसं लोळवत होता ते दिसू दे त्यांना.”

“माझी झोपायची वेळ झाली.”

“दहा मिनिटं, बाबा. तुमच्यासाठीच भांडतेय मी!”

सासरे येऊन नेहमीच्या खुर्चीत बसले. तिने चित्रण सुरू केलं, तलवारी निवडल्या आणि मनोमन हरायची तयारी केली. इतक्या आनंदाने ती कधीच हरायला बसली नव्हती.

पहिल्या फेरीत तिने पाऊल उचललं. भाला आला नाही. तलवारी सपासप चालल्या आणि भालेवाला कोसळला.

“सवय मोडलीय,” ती म्हणाली. “पुन्हा घ्या.”

दुसऱ्या फेरीतही तेच झालं. तिसरीला तिने मुद्दाम हात आखडता घेतला, दोनदा तर चुकीच्या बाजूला उडी मारली. तरी तीच जिंकली.

“हं, चल,” सासरे पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले.

चौथ्या फेरीला तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडदा सोडून बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं. सासऱ्यांचा उजवा अंगठा बटणाच्या अलीकडेच थरथरत होता, आणि डाव्या हाताने ते त्याला बटणावर ढकलत होते.