अणूचा बंब

करंट गेला आणि पंखा थांबला. सोज्जीच्या, म्हणजे शिऱ्याच्या, बशा हातात धरून मुलगी बघायला आलेले पाहुणे अंधारात बसून राहिले.

मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागातल्या त्या घरात याचे कुणाला नवल नव्हते. त्या वर्षांत शहरात गिरण्या वाढल्या, कारखाने वाढले, घरोघर पंखे आले. वीज मात्र होती तेवढीच, आणि संध्याकाळ झाली की ती रुसून जाई. मग गल्लीतले सगळे रेडिओ एकदम गप्प होत. देवळातली घंटा ऐकू येई, वारा असला तर समुद्रही. किती गोड होती ती शांतता! पण तेव्हा सगळे विजेच्या नावाने बोटेच मोडत.

अंबुजा कंदील घेऊन बाहेर आली. मुलाकडे बघायचे नाही, असे तिने ठरवले होते. तंजावरच्या एका लग्नात तिने त्याला डोळे भरून पाहिले होते आणि तिचे मन तिथेच गुंतले होते. आता बघून उपयोग काय? आज नकारच जायचा होता. व्यासराज मुंबईहून अणुविजेचे काम शिकून आला होता आणि कल्पाक्कमला, समुद्राकाठी, विजेचा मोठा कारखाना उभारायला जाणार होता. अंबुजाच्या वडिलांना, सत्यनारायणरावांना, कचेरीत कुणीतरी सांगितले होते की असल्या कामातल्या माणसांना पोरेबाळे होत नाहीत. त्यांनी काल रात्रीच निर्णय घेतला. आमंत्रण आधी गेले होते, म्हणून हे खाणेपिणे उरकायचे. बिचारा व्यासराज निवांत बज्जी खात होता.

कोपऱ्यात अलमेलूआक्का बसल्या होत्या. या थोरल्या विधवा बहिणीनेच सत्यनारायणरावांना वाढवले होते. तिचा शब्द ते कधी मोडत नसत. आक्कांना कमी ऐकू येई, म्हणून घरातले सगळे त्यांच्याशी ओरडूनच बोलत.

"सत्या, मुलगा करतो काय रे?" आक्कांनी सगळ्यांदेखत विचारले.

"मग सांगतो, आक्का."

"अं? काय करतो?"

बहिऱ्या माणसाशी कुजबुजायची सोय नसते. सत्यनारायणरावांचा तोल गेला. "बाँब करतो, आक्का! अणूचा बाँब!"

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली.

"बंब?" आक्कांचा चेहरा उजळला. "अय्यो, मग चांगलंच की रे! आंघोळीच्या पाण्याचा ना? जन्मभर सुरूची लाकडं फुंकून डोळे गेले माझे. बाळा, तुझ्या बंबाला धूर किती?"

"बंब नव्हे, आक्का, बाँ..."

"आक्कांचंच बरोबर आहे," व्यासराज हसू आवरत म्हणाला. मग त्यानेही आवाज चढवला. "बंबच आहे, आक्का! लाकडांच्या जागी अणू घालायचा. पाणी उकळलं, वाफेनं चाक फिरलं, की आला करंट! धूर नाही!"

"आणि पोरंबाळं?" सत्यनारायणरावांच्या तोंडून हळूच निसटले.

या घरात काय शिजत होते ते व्यासराजला आत्ता कळले. "आमच्या साहेबांना पाच आहेत," तो म्हणाला. "रविवारी त्यांच्याकडे बसायला खुर्ची मिळत नाही."

आधी मुलाची आईच हसली. मग सगळेच हसले.

"सरि, ठरलं!" आक्कांनी गुडघ्यावर थाप मारली. "बंबवाला मला पसंत आहे. मुहूर्त बघ, सत्या."

सत्यनारायणराव "अगं, पण..." असे दोनतीनदा म्हणाले. कुणीच ऐकले नाही. आक्कांनी तर नाहीच.

अंबुजा स्वयंपाकघरात पळाली. आनंदाने तिला रडूच कोसळले. पदराने डोळे पुसत ती अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, "बाई, बरं झालं आत्याला नीट ऐकू आलं नाही."

"करंट गेला, पंखा थांबला, की मला सगळं ऐकू येतं गं," आक्का मागून म्हणाल्या. "काल अंधारात तू रडत होतीस, तेही."