ओढ्यातली घोडी

घोडी ओढ्याच्या मधोमध आली आणि खुशाल पाण्यात बसली. तिच्या पाठीवरचा श्रीरंग कमरेपर्यंत भिजला, त्याची नवीकोरी काउबॉय टोपी वाहत गेली. ठाण्याहून त्याच्याबरोबर माणदेशातल्या या फार्मवर सुट्टीला आलेले दोघे मित्र काठावर घोड्यांवर बसून पोट धरून हसत होते.

"मॅनेजरसाहेब, हिला मेमो द्या!" निशिकांत ओरडला.

श्रीरंगही हसला. हसणं त्याला आता सवयीनं जमत होतं.

फार्मची मालकीण सरूआक्का लुगडं खोचून पाण्यात शिरली. लगाम धरून तिनं घोडीला उठवलं. "दादा, वर बसलेल्याचं चित्त कुठं हाय, ते हिला बराबर कळतं. कामात अडकलंय व्हय मन?"

"कामच नाही, आक्का," तो म्हणाला. "चार महिन्यांपूर्वी नोकरी गेली. घरी सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसून राहतो."

बायकोपासून लपवलेलं तो एका परक्या बाईला भर ओढ्यात सांगून बसला होता. काठावरचं हसू थांबलं, तेव्हा मित्रांनीही ऐकल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

आक्कानं घोडीच्या मानेवर थोपटलं. मग म्हणाली, "डबा आता बायकूसंगं घरीच खावा, दादा."

निशिकांत घोड्यावरून उतरला. महागड्या बुटांसकट पाण्यात शिरून तो श्रीरंगजवळ आला आणि त्यानं आपला फोन पुढे केला. "वहिनीला लाव. मी इथंच उभा आहे."

ओल्या बोटांनी श्रीरंगनं नंबर दाबला. पलीकडे रिंग वाजू लागली.