दुबार नावं

ऑब्जेक्ट डेटाबेस वापरताना अडलेल्या प्रोग्रामरांना ऑनलाइन उत्तरं देणं, ही हेमांगीची नोकरी. एकाने विचारलं, "गिरणी कामगारांना घरं द्यायचीत, म्हणून जुन्या याद्या एकत्र करतोय. गिरणीतल्या हजेरीच्या एकाच तिकीट नंबरवर दोन-दोन नावं येतायत. काय करू?" तिने जेवायला उठता उठता चार ओळींचा कोड धाडला: पहिलं नाव ठेवायचं, दुसरं पुसायचं. त्याने लगेच आभार मानले.

महिन्याभराने घरांची यादी लागली. काळाचौकीच्या खोलीत हेमांगीचे वडील ती पुन्हा पुन्हा वाचत होते.

"माझं नाव नाय गो. संपापर्यंत सात वर्षं गिरणीत सोबतच्या घाड्याच्या तिकिटावर, तो नसला की बदली म्हणून राबलो. एका नंबरावर आम्ही दोघं होतोच. कुणीतरी मलाच पुसलं." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यासारख्या जाणत्या माणसाला विचारलं असतं, तर असं झालं नसतं."