रेघेवरची सही

पंच्याहत्तर तासांपैकी एकही तास केसलर बाईंना खरा वाटत नव्हता.

डेलिया हॉब्सचे सहा पिवळे फॉर्म त्यांनी टेबलावर ओळीनं मांडले होते. सप्टेंबरची सही रेघेवर, ठसठशीत: ओ. प्रुइट. ख्रिसमसनंतरची जरा वर सरकलेली. आणि मे महिन्यातली तर रेघ सोडून वरच्या छापील नियमांवर चढून बसलेली. एकाच बाईची सही, अन् अशी? डिप्लोमासाठी प्रत्येक मुलानं भरायच्या सेवा-तासांचं काम बघण्यात केसलर बाईंची नऊ वर्षं गेली होती. खोट्या सह्या करणारी पोरं आधी जपून करतात, मग सोकावतात, हे त्यांना पाठ होतं.

त्यात भर म्हणजे 'तुमच्या सेवेनं कोणाची गरज भागली?' हा चौकोन सहाही फॉर्मवर कोरा.

"हे का नाही भरलंस?"

"ते नाही लिहिता येणार, बाई."

"लिहिता येणार नाही, की लिहायला काही नाही?"

हट्टी पोरगी. तास भरले नाहीत तर डिप्लोमा नाही, आणि डिप्लोमा नाही तर नर्सिंगला मिळालेली जागा हातची गेली. समारंभ आठवड्यावर आला होता. हे सगळं ठाऊक असून तिचं तोंड उघडेना.

वाचनालयात तिनं कसली सेवा केली, देव जाणे. केसलर बाई दोनदा मुद्दाम, न सांगता डोकावल्या होत्या. दोन्ही वेळा ही ग्रंथपाल प्रुइट बाईंच्या खुर्चीला चिकटून बसलेली. पुस्तकं लावणं नाही, धूळ पुसणं नाही. वर केसलर बाई दारात दिसताच ती हळूच पुटपुटली होती, "केसलर बाई आल्या." चोराच्या जोडीदारानं पहारा करावा तसं. प्रुइट बाईंचाही त्यांना रागच आला होता. एकतीस वर्षं नोकरी झाली, जूनमध्ये निवृत्त व्हायचं, मग जाता जाता लाडक्या पोरीला तासांची खिरापत वाटायला काय जातंय?

"ऊठ. प्रुइट बाईंच्या तोंडावरच विचारते. आणि तिथं तू एक शब्द बोलायचा नाहीस."

व्हरांड्यात कँटीनच्या बाईनं पुढच्या आठवड्याच्या जेवणाचा तक्ता त्यांच्या हातात कोंबला. "फळ्यावर तेवढा लावा हं." तोही पिवळाच कागद. केसलर बाईंनी तो हातातल्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि तरातरा वाचनालय गाठलं.

डेलिया ओठ मिटून मागे उभी राहिली.

"कोण आहे?" प्रुइट बाईंनी विचारलं.

"मी केसलर. तुमची डेलियाही आहे."

"अगं ऱ्होंडा, तू होय! ये, ये."

केसलर बाई बसल्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहूनच त्यांनी गठ्ठ्यावरचा कागद पुढे केला. "ही सही तुमचीच का? नीट बघून सांगा."

प्रुइट बाईंनी चष्मा चढवला. कागद नाकाशी नेला. खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं.

"हो गं, माझीच आहे. पक्के करून टाक पोरीचे तास. एक दिवस चुकली नाही ती."

केसलर बाईंनी कागद परत घेतला. सोमवार: चिकन आणि मका. मंगळवार: पिझ्झा. सही कुठेच नव्हती.

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कागद बघूनही खोटं बोलतात, आणि तेही तोंडावर? त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचं लक्ष डेलियाकडे गेलं. तिचे डोळे भरले होते. ती नुसती मान हलवत होती, नको, नको म्हणून.

प्रुइट बाई अजून हसत होत्या. केसलर बाई उभ्या होत्या त्या खिडकीकडे नाही, कपाटाकडे बघून.

दारात कोण आलं हे पोरगी रोज कोणाला सांगत होती आणि का, ते केसलर बाईंना आत्ता कळलं. तो चौकोन कोरा का, तेही कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. प्रुइट बाईंच्या निवृत्तीला, जून संपायला, अजून चार आठवडे होते.

त्यांनी तक्त्याखालचे खरे फॉर्म बाहेर काढले. नऊ वर्षांत कोणाच्या फॉर्मवर त्यांनी स्वतः अक्षर लिहिलं नव्हतं. आता सहाही चौकोनांत त्यांनी लिहिलं, 'शाळेच्या वाचनालयाची', आणि खिशातला शिक्का काढून सहा वेळा उमटवला.

प्रुइट बाईंनी आवाज ऐकला. "झालं ना गं? सही नीट आहे ना माझी? हल्ली हात जरा घाईत असतो."

"अगदी रेघेवर आहे," केसलर बाई म्हणाल्या.