मोना आज खेळणार नाही
भिलाईच्या महिला फुटबॉल क्लबची सगळी तिकिटं मोनाच्या नावावर खपली होती, आणि सामन्याच्या सकाळी तिचा गुडघा सुजला. मालक प्रशिक्षक दामिनीताईंवर उखडले. “लोक हिलेच पाहाले आले. दहा मिनिटं तरी उतरवा!” “तिच्यानं पळणं होत नाही साहेब, आपण हरून जाऊ.” “हरलो तरी चालन. गर्दी आटली तर क्लब बंद पडन.” मोना उठली. “मीच सांगतो लोकायले,” म्हणाली. लंगडत मैदानात जाऊन तिनं माइक घेतला आणि हिंदीत सांगून टाकलं: मी खेळणार नाही, कोणाला पैसे परत हवे असतील तर घ्या, पण माझ्यापेक्षा वेगानं धावणारी सीमा आज पहिल्यांदा उतरतेय. काही जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले. शेवटच्या मिनिटाला सीमानं गोल मारला, तेव्हा मालक चक्क खुर्चीवर चढून तिचं नाव ओरडत होते.